बाबांना खाटीवर झोपवून ठेवू नका: इस्पितळातून घरी आल्यावरचे चार आठवडे

१ जूनला बंदी लागली, ट्रॉलर जेटीला बांधले, होड्या शाकारून झाल्या. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस घरी. दरवर्षी या दिवसांत आम्ही पेजवर इंजिनाची कामं, जाळ्यांची दुरुस्ती, परवान्यांचे कागद यांवर लिहितो. ते लेख येतीलच. यंदा पहिला लेख माणसाच्या छातीवर आहे, कारण पाऊस लागला की सोसायटीच्या ऑफिसात "बाबांना ॲडमिट केलं" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं.

गेल्या पावसातली गोष्ट. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारून लिहितो आहोत. आपल्यातलेच एक जुने तांडेल, पासष्टी ओलांडलेली, तीसेक वर्षं ट्रॉलरवर. विडी सुटली ती अगदी अलीकडे. छातीचा आजार जुना, पण जूनमध्ये सर्दीचं निमित्त झालं आणि श्वास असा अडकला की रात्री इस्पितळात न्यावं लागलं. नऊ दिवस ऑक्सिजन, वाफारा, इंजेक्शनं. बरे होऊन घरी आले. मुलांनी पुढच्या खोलीत खाट टाकली, शेजारी भांडं ठेवलं, अंघोळ खाटीवरच ओल्या फडक्यानं. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही." सगळं प्रेमापोटी. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आम्हीही हेच सांगितलं, "आता आराम करा."

सहा आठवड्यांनी त्यांना हात धरल्याशिवाय खाटीवरून उठता येईना. न्हाणीपर्यंत गेले तरी धाप. घरच्यांना वाटलं आजार वाढला, म्हणून आणखी आराम. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा ॲडमिट. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड मागितलं, वाचलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की बाह्यरुग्ण विभागात फिजिओथेरपीला यावं, श्वसन-पुनर्वसन सुरू करावं. ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. औषधांची नावं वाचली होती, पंप किती वेळा मारायचा ते वाचलं होतं. व्यायाम हे औषध आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यातला एकजण त्या वेळी तिथे उभा होता. म्हणून हा लेख.

आजार कोणता ते आधी. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आपण सरसकट 'दमा' म्हणतो, पण दमा वेगळा. दम्यात नळ्या आकसतात आणि औषधानं बऱ्याचदा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुरानं नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात आणि फुप्फुसातले बारीक फुगे फाटून सैल पडलेले असतात. धूर विडीचाच हवा असं नाही. चुलीपुढे पन्नास वर्षं बसलेल्या, आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईलाही हा आजार होतो. इंजिनाच्या खणात डिझेलच्या धुरात काम केलेल्यालाही होऊ शकतो. निदान फुंकर मारायच्या मशीनवर होतं, त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. औषधाचा पंप दिल्यानंतरही, पूर्ण सोडलेल्या श्वासातला पहिल्या सेकंदात बाहेर आलेला भाग ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर नळ्यांत अडथळा आहे. आणि त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या मानानं पहिल्या सेकंदातली हवा निम्म्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, ३० टक्क्यांखाली असेल तर अतितीव्र.

यातली खरी अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते. हवा आत जाते, पण अरुंद नळ्यांतून पूर्ण बाहेर यायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. जिना चढताना श्वास भरभर चालला की आत हवा साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. तेव्हा माणूस म्हणतो, "श्वास पुरत नाही." खरं तर आत हवा भरपूर असते, पण ती अडकलेली असते.

मग अशा माणसाला चालवायचं कशाला? हा प्रश्न आम्हीच डॉक्टरीणबाईंना विचारला. त्यांनी दिलेलं उत्तर आम्ही आपल्या भाषेत सांगतो.

जुनी बोट घ्या. इंजिन थकलेलं आहे, बदलता येत नाही, आहे त्या ताकदीवरच चालवायचंय. अशा वेळी आपण काय करतो? बोट वर काढतो, तळ खरवडतो. वर्षभरात तळाला शेवाळ आणि शिंपले धरलेले असतात, पंख्यालाही धरलेले असतात. ते काढलं, रंग मारला की तेच इंजिन, तेच डिझेल, पण बोट हलकी पळते आणि धूर कमी सोडते. इंजिन बदललेलं नसतं, ओढायचं ओझं कमी झालेलं असतं. सीओपीडीच्या माणसात फुप्फुस हे ते थकलेलं इंजिन, आणि शेवाळ धरलेला तळ म्हणजे त्याचे पाय.

धाप लागते म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्यानं मांडीचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूला तेवढ्याच कामाला जास्त कष्ट पडतात, तो लवकर आंबतो, रक्तात आम्ल वाढतं आणि ते बाहेर टाकायला शरीर श्वास आणखी वाढवतं. म्हणजे दुबळे पाय फुप्फुसावर जास्तीचं काम लादतात. रिचर्ड कॅसाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजून दाखवलं. व्यायामाचा कोर्स केल्यावर सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तात तेवढ्याच कामाला आम्ल कमी तयार झालं आणि श्वासही कमी लागला. व्यायामानं फुप्फुस सुधारत नाही. फुंकर मारायच्या मशीनवरचा आकडा जवळपास होता तिथेच राहतो. सुधारतात ते पाय, आणि धाप कमी होते. हे घरच्यांना समजावताना आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण सगळे विचारतात, "मग फुप्फुसाचं काय?"

आता खाटीवरच्या आरामाचा हिशेब बघा. २००७ साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठी-सत्तरीच्या निरोगी माणसांना, कसलाही आजार नसताना, फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं. तेवढ्यात पायांचं सुमारे एक किलो मांस उतरलं. निरोगी माणसाची ही गत, तर ताप, स्टेरॉईड, अपुरं जेवण आणि वर खाट हे सगळं एकत्र आलेल्या आजाऱ्याचं काय होत असेल? बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी सीओपीडीसाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या अंगाला हालचाल मोजणारं यंत्र बांधून पाहिलं. इस्पितळात ते दिवसभरात दहा मिनिटंसुद्धा चालत नव्हते. घरी जाऊन महिना झाला तरी त्यांची हालचाल कमीच होती. आमच्या तांडेलांच्या घरात नेमकं हेच चाललं होतं.

व्यायामाची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कचे डॉ. अल्वान बराक यांनी १९५२ सालीच लिहून ठेवलं होतं की अशा रुग्णांना ऑक्सिजन लावून हळूहळू चालवलं तर त्यांचा दम सुधारतो. त्या काळी डॉक्टरसुद्धा धाप लागेल असं काही करू नका म्हणत, त्यामुळे फार कोणी ऐकलं नाही. साठच्या दशकात डेन्व्हरच्या डॉ. थॉमस पेटी यांनी चालणं, श्वासाचे प्रकार, ऑक्सिजन आणि रुग्णाला शिकवणं असं सगळं एकत्र बांधून कार्यक्रम चालवला. आजचं श्वसन-पुनर्वसन त्यातूनच आलं.

लगेच की थोडं थांबून?

इथे जरा सावकाश वाचा. व्यायाम चांगला म्हटल्यावर कोणालाही वाटेल की मग ॲडमिट केल्या दिवसापासूनच जोरात सुरू करावा. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या संशोधकांना तसंच वाटलं होतं. त्यांनी छातीच्या जुनाट आजारानं दाखल झालेले ३८९ रुग्ण घेतले, बहुतेक सीओपीडीचेच. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्याला इस्पितळातच चालणं, वजनं आणि स्नायूंना विजेचे हलके झटके असा व्यायाम, पुढे घरी मिळून सहा आठवडे. निकाल २०१४ मध्ये आला. वर्षभरात पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, व्यायामाच्या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्यात ५८. पण वर्षभरात दगावलेले व्यायामाच्या गटात २५ टक्के निघाले आणि दुसऱ्यात १६. असं का झालं याचं पक्कं कारण कोणालाही सांगता आलेलं नाही. ज्यांनी अभ्यास केला त्यांनीच ते लपवून न ठेवता छापलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

त्यानंतर, २०१७ साली, युरोप आणि अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र मार्गदर्शन दिलं. असा जोरकस कोर्स इस्पितळात असताना सुरू करू नये, घरी गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत सुरू करावा. ब्रिटिश संघटना महिन्याच्या आत म्हणते. मथळ्यातले चार आठवडे ते हेच. वादळ चालू असताना बोट वर काढून तळ खरवडत नाही कोणी. वादळ ओसरलं की मात्र लगेच कामाला लागतो.

पण याचा अर्थ वॉर्डात माणसाला आडवंच ठेवावं असाही काढू नका. डॉक्टर-नर्स परवानगी देतील तसं खुर्चीत बसवणं, जेवायला उठवणं, न्हाणीघरापर्यंत धरून नेणं, हे करायचंच असतं. आम्ही बोलतोय ते घाम काढणाऱ्या व्यायामाबद्दल.

आणि चार आठवडे वाया घालवले तर काय? अमेरिकेत सरकारी विम्यातल्या १,९७,३७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सगळे २०१४ साली सीओपीडीसाठी दाखल होऊन घरी गेलेले. त्यांपैकी ९० दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू करणारे होते फक्त दीड टक्का. वर्षभरात त्या दीड टक्क्यातले ७.३ टक्के दगावले, बाकीच्यांतले १९.६ टक्के. इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. जे मुळात बरे होते तेच व्यायामाला गेले असणार, हेही त्यात आलं, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देऊ नका. तरीही एवढ्या श्रीमंत देशातसुद्धा शंभरातले अठ्ठ्याण्णव जण ती ओळ न वाचताच राहतात हे वाचून आम्हाला आपल्या तांडेलांच्या घरच्यांवर रागवावंसं वाटलं नाही.

कोर्समध्ये करतात काय?

आधी तपासणी. छातीत दुखणं, नुकताच येऊन गेलेला हार्ट ॲटॅक, ताब्यात नसलेलं ब्लडप्रेशर, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरुवात नाही. मग सहा मिनिटांची चाल. ३० मीटरचा सपाट पट्टा, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, दमलात तर थांबायचं, पण घड्याळ चालूच. अंतर लिहून घेतात, बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघतात. कोर्स संपल्यावर हीच चाचणी पुन्हा. ३० मीटर जरी वाढले तरी ती खरी सुधारणा धरतात. आमचे तांडेल पहिल्या दिवशी सहा मिनिटांत चार वेळा थांबले होते.

कोर्स साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीनदा माणसाच्या देखरेखीखाली, बाकी दिवशी घरी. म्हणजे आपल्या बंदीत बरोबर बसतो. गोव्यात असाल तर बांबोळीला गोमेकॉच्या छातीरोग विभागात किंवा फिजिओथेरपीत कार्ड दाखवून विचारा. जवळच्या इस्पितळात फिजिओ असेल तर तिथेही चालेल.

चालणं हा मुख्य व्यायाम. सलग जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असं करत एकूण वीस-तीस मिनिटांपर्यंत आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्यायचं. धाप किती हवी? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे जीव जातोय, अशा मापावर तीन ते पाचच्या दरम्यान. एखादं छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. अजिबात धाप लागली नाही तर फायदाही फारसा नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवायचं. धाप लागली की पोरं "बसा, बसा" करत धावतात. या मापातली धाप घातक नसते, कामाची असते.

मग मांड्या. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. पाच वेळा जमलं तर थांबून पुन्हा पाच. न जमल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. हा एक व्यायाम घरात कुठेही होतो, आणि खाटीवरून, संडासातून स्वतःचं स्वतः उठता येणं यातूनच परत येतं. आमच्या मते सगळ्यात आधी हाच शिकावा.

हातांचं एक गंमतीशीर आहे. जन्मभर जाळं ओढलेला माणूस म्हणतो, "चालायला ठीक, पण कपडे दोरीवर टाकले की दम जातो." कारण खांद्याचे, मानेचे जे स्नायू हात वर धरतात तेच या आजारात श्वास ओढायलाही कामाला लागलेले असतात. एकाच खलाशानं जाळंही ओढायचं आणि सुकाणूही धरायचं, तसं. म्हणून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन हात उचलण्याचा सराव करतात, हळूहळू एक लिटर. वर उचलताना श्वास सोडायचा.

आणि श्वास सोडण्याची रीत. नाकानं घ्यायचा, मग गरम पेजेवर फुंकर घालतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. जोर लावायचा नाही. ओठ आवळलेले असले की नळ्या आतून मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर यायला वेळ मिळतो. फार धाप लागली तर जाळं शिवायला बसतो तसं पुढे वाकून, कोपरं मांड्यांवर टेकवून बसा. हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाला मोकळे होतात. आमच्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना ही बैठक कोणी न शिकवता सापडलेली आहे.

डॉक्टरांनी व्यायामाआधी पंप मारायला सांगितला असेल तर तो मारूनच निघायचं. पंप ओढायची पद्धत फिजिओला किंवा औषधवाल्याला एकदा करून दाखवा, निम्म्या लोकांचं औषध जिभेवरच राहतं असं आम्हाला आपल्या माणसांकडे बघून वाटतं. घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं असेल तर त्याचा काटा स्वतःहून वाढवू नका. या आजारात ऑक्सिजन जास्त झाला तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. म्हणूनच इस्पितळात बोटावरचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात, आणि बाजूचा खाटवाला ९८ वर आहे म्हणून घरचे भांडतात. चालताना आकडा ८८ च्या खाली सारखा जात असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा, कदाचित चालताना ऑक्सिजन लागेल. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर व्यायाम बंद आणि सरळ इस्पितळ. बेडका नेहमीपेक्षा वाढला आणि हिरवा-पिवळा झाला, तर त्याच दिवशी दाखवा, आठवडी बाजाराची वाट बघू नका.

विडी चालू ठेवून हे सगळं करणं म्हणजे एकीकडून पाणी उपसायचं आणि दुसरीकडून भोक मोठं करायचं. त्यावर वेगळं लिहू. चुलीचंही तसंच, सूनबाईंनी गॅस घेतला तरी आजीला पाणी तापवायला चूलच लागते, त्यावर घराघरांत बोलायला हवं.

तांडेलांचं पुढे काय झालं ते विचाराल. दुसऱ्यांदा घरी आल्यावर दहाव्या दिवशी मुलानं त्यांना स्कूटरवर बसवून फिजिओकडे नेलं. आठ आठवड्यांत पाच-सहा वेळा दांडी झाली, एकदा गणपतीमुळे, बाकी पावसामुळे. शेवटच्या चाचणीत ते एकदाच थांबले. फुंकरीच्या मशीनचा आकडा होता तोच. अंघोळ स्वतः करतात, स्टुलावर बसून. समुद्रावर जात नाहीत, जाणारही नाहीत. पुढच्या खोलीतली खाट मात्र पुन्हा मागे गेली आहे.

बंदीच्या काळात लिलावाची शेड रिकामीच असते. तिथे आम्ही ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना पिवळे पट्टे मारलेत, मध्ये दोन बाकडी ठेवलीत. सकाळी साडेसात ते नऊ, पाऊस असला तरी छप्पर आहे. ज्यांच्या कार्डावर पुनर्वसनाची ओळ आहे किंवा डॉक्टरांनी चालायला हरकत नाही असं लिहून दिलंय, त्यांनीच यायचं. कार्ड, पंप आणि पाण्याची बाटली सोबत, आणि घरचं एक माणूस. तपासणी, चाचणी हे इस्पितळातच होईल, शेड फक्त चालायला. कार्डावरचं अक्षर लागत नसेल तर ऑफिसात घेऊन या, आपण मिळून वाचू.